मामा, या, बसा

आमची सून भांडत नाही. खोड एवढी एकच, पण अशी की सासूनं जगायचं कसं ते सांगा. मी म्हणावं कालवण पाणचट झालं, तिनं म्हणावं, "बरं आक्का, उद्या घट्ट करते." मी म्हणावं केर नीट निघाला नाही, तिनं पुन्हा झाडू घ्यावा. अरे, आम्हीही सुना होतो. माझी सासू एक बोलली की मी दोन बोलायची. तिनं तांब्या आपटला की मी हंडा आपटायची, आणि संध्याकाळी दोघी एकाच पाटीतली कोळंबी सोलत बसायचो. सासू गेली तेव्हा लोक म्हणाले, आक्का सुटली. सुटली कसली? भांडायला घरात माणूस उरलं नाही.

म्हणून माझ्या मनोजचं लग्न ठरलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, येईल कोणीतरी. आली ती रुचिका. वज्रेश्वरीची, बी.एस्सी. झालेली. बाप लहानपणीच गेला, मामानं वाढवली. धामणकर नाक्याच्या मागं आमचं घर, खाली मनोजचे कापड विणायचे लूम, वर आम्ही. लूमच्या खटखटीत आमच्याकडं आलेलं माणूस आठ दिवसांत ओरडून बोलायला शिकतं. ही शिकली नाही. हळूच काहीतरी म्हणते, मी "काय?" म्हटलं की नुसती हसते.

लग्नानंतर पाचव्या दिवशी पाचपरतावनाला माहेरी गेली. परत आली तेव्हा हातात शालीनं झाकलेलं काहीतरी मोठं. माझी शेजारीण हौसा वासावरच असते, ती लगेच जिना चढून आली.

"काय गो बाय, पोपट हाय का?"

रुचिकानं शाल काढली. आत तारेचा पिंजरा, आणि पिंजऱ्यात दोन पांढरे उंदीर. लाल डोळे, गुलाबी कान, आणि शेपटी... शेपटीचं तर बोलूच नका.

"अगो बाय, उंद..." हौसा किंचाळली. मी तिचं तोंडच दाबलं.

कापडावर पोट असलेल्या घरात त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की बोलावणं पोचतं. आणि तो आला की सरळ बीमवर, सुताच्या मोठ्या रुळावर, जाऊन बसतो, ताणा म्हणजे उभं सूत कुरतडतो. एक तार तुटली तर कामगार सांधतो. तो रात्रभर बसला तर अख्खा बीम उतरवा. म्हणून आमच्याकडं मामा म्हणायचं. मामा म्हटलं की नातं लागलं, आणि नात्यातला माणूस घर कुरतडत नाही. निदान उघडपणे तरी नाही. इथं लिहिताना मी नाव घेतेय, ते चालतं. कागदाला कान नसतात.

"लोकांच्या सुना माहेराहून भांडी आणतात," मी म्हटलं. "तू मामा आणलेस?"

"मामा नाहीत, आक्का, दोघी माद्या आहेत," रुचिका हळूच म्हणाली. "क्रॉफर्ड मार्केटातून आणल्या होत्या, वर्ष झालं. ही शेवंती आणि ही मोगरी."

"मोगरी? धुणं बडवायची?"

"फुलाची, आक्का."

"माद्या असू दे न्हायतर आणखी कोण. या घरात मामाच म्हणायचं. मामी म्हटलं तर बसायला चटई मागतील."

हौसाला आता धीर आला होता. "आक्का, असं नको बोलू. गणपतीचं वाहन हाय."

"वाहन हाय तर खाली लाव. वाहन घरात कोण आणतं?"

मनोज दारात उभा राहून हसत होता. लग्न झाल्यापासून त्याला सगळंच हसण्यासारखं वाटतं. "आई, दोन मामाच हायेत. हत्ती न्हाय आणला तिनं."

"तू गप. उद्या खाली तुझ्या ताण्यावर जाऊन बसले की रडत माझ्याकडंच येशील."

मी सुनेकडं बघितलं. म्हटलं, आता तरी उसळेल. आपल्या जिवाचं काही घेऊन आली आहे, मी त्याला नावं ठेवतेय, आता तरी बोलेल.

"बरं आक्का," ती म्हणाली. "आमच्या खोलीतच ठेवते."

त्या 'बरं'नं माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथं तिच्या मामाला, लडकूमामांना फोन लावला. हौसाच्या देखत. त्यांचं वज्रेश्वरीला देवळाजवळ नारळाचं दुकान. म्हटलं, "मामा, या घरात उंदीर राहणार न्हाय. तुमच्या भाचीचं जनावर तुम्ही घेऊन जा." रागात मीच नाव घेऊन बसले, हौसानं कपाळावर हात मारला.

"आक्का, जत्रा तोंडावर आली हाय," मामा म्हणाले. "तेवढी होऊ दे. मी स्वतः येतो."

झालं. शब्द गेला. आणि माझा शब्द आमच्या आळीत काळ्या दगडावरची रेघ. तो फिरवला तर उद्या दूधवालासुद्धा माझं ऐकणार नाही.

जत्रेपर्यंत पिंजरा खोलीत राहिला. मी त्या खोलीत जायची नाही. दाराशी उभी राहायची, ते वेगळं. सुनेचं चाललंय काय हे सासूला माहीत नको?

तिचं सगळं रीतीनं. सकाळी भिजवलेले मूग, ज्वारीचे दाणे, काकडीची चकती. अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा. तळलेलं नाही, गोड नाही, मिठाचं नाही. म्हटलं, आम्हाला डॉक्टरनं सांगितलं ते आम्ही पाळत नाही, हे बघा. तिची जुनी ओढणी पिंजऱ्यात घातलेली, का तर तिचा वास ओळखीचा व्हावा. आणि हात घालायची तो नेहमी समोरून, तळवा वर करून. वरून झडप घातली तर त्यांना घार आल्यासारखं वाटतं, असं ती मनोजला सांगत होती. "त्यांना पकडायचं नाही. आपण नुसता हात ठेवायचा. त्या आपण होऊन येतात." मग चमच्यानं डबीवर टकटक करायची आणि म्हणायची, "शेवंती, कम! मोगरी, सिट!" एकदा ऐकायच्या, एकदा नाही.

दुपारी ती नाक्यावरच्या क्लासमध्ये दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवायला जायची. एका दुपारी लाइट गेली. लाइट गेली की लूम थांबतात, आणि लूम थांबले की आमच्या घरात अशी शांतता होते की आपलाच श्वास ऐकू येतो. त्या शांततेत मला ऐकू आलं. कुर्र. कुर्र.

मी उठले. दारातून वाकून बघते तर दोघी कांडी कुरतडत होत्या. बाण्याचं, म्हणजे आडवं सूत गुंडाळायची लाकडी नळी, तिला आम्ही कांडी म्हणतो. मनोजनं गुपचूप खालून आणून दिली असणार. म्हटलं, वा रे, मालकच मामांना लूमचं सामान पुरवतोय.

मला बघून दोघी थांबल्या. जाळीशी आल्या. नाकं हलवत माझ्याकडं बघायला लागल्या. आता कोणी दाराशी आलं आणि आपण काहीच पुढं केलं नाही, असं माझ्या घरात आजवर झालेलं नाही. हातात तांदळाच्या भाकरीचा तुकडा होता, तो पुढं केला. शेवंतीनं तो दोन्ही हातांनी घेतला. दोन्ही हातांनी! मनोजला अठ्ठावीस वर्षं सांगतेय, ताट दोन्ही हातांनी धर. तो आजही एका हातानं ओढतो.

मला ते आवडलं. जे आवडलं ते आवडलं म्हणायला मी कोणाला भीत नाही, फक्त तेव्हा घरात कोणी नव्हतं.

मग रोज दुपारी जायला लागले. नावानं हाक मारायची माझी रीत नाही. शेवंती न् मोगरी सुनेच्या, माझे ते मामा. आणि मामा म्हटलं की मानानंच बोलावं लागतं. आपल्याकडं कोणाचाही मामा आला तरी आपण काय म्हणतो? "या मामा, या. बसा." मी तेच म्हणायची. पिंजऱ्याची कडी काढायची, तळवा वर करून हात ठेवायचा, सून करते तसा, आणि म्हणायची, "या मामा, या." हातावर चढले की, "बसा." बसल्याशिवाय घास नाही. पाहुणा उभ्यानं जेवला तर यजमानाची शोभा होते. शेवंतीला चार दिवसांत कळलं. मोगरी जरा हूड, तिला वेळ लागला. मग ती अशी बसायला लागली, मागच्या पायांवर, पुढचे दोन्ही हात छातीशी जोडून, की देवळात बसलेली म्हातारीच.

ओढणीखाली मी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडाही सरकवला. एकीच्याच वासावर का राहावं?

आता नुसती भाकरी पाहुण्याला किती दिवस वाढणार? सुका बोंबील तव्यावर भाजून, काटा काढून, चिमूट चिमूट द्यायला लागले. कागदात बांधून कनवटीला लावायची, म्हणजे स्वयंपाकघरात वास राहत नाही. खाऊन झालं की एकजण मांडीत, एकजण खांद्यावर, माझ्या अंबाड्याच्या मागं दडून. मी टीव्ही लावायची. लाइट नसली तर गोष्टी सांगायची. माझ्या सासूची सगळी भांडणं त्यांना सांगून झाली. ऐकतात हो. मधेच 'बरं आक्का' म्हणत नाहीत.

इकडं सून कोड्यात पडली. एकदा जेवताना मनोजला म्हणाली, "दोघींचं वजन वाढतंय. मी तर मोजून देते. आजारी तर नसतील?"

मी ताटातल्या मासळीचे काटे काढत होते. मान वर केली नाही.

"आणि नावानं हाक मारली की येत नाहीत आता. पूर्वी यायच्या."

त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

जत्रा झाली. लडकूमामांचा फोन आला, शुक्रवारी येतो, डोंगराच्या बाजूला सोडून देतो त्यांना. मी सुनेला सांगितलं. आणि वाट बघत बसले. म्हटलं, एकदा म्हण. एकदा म्हण की आक्का, राहू द्या. मी दोन शिव्या देईन आणि ठेवून घेईन. पण कोणी मागितल्याशिवाय आपला शब्द आपणच कसा गिळायचा? शब्द गिळायला समोरून कोणीतरी भांडावं लागतं.

"बरं आक्का," ती म्हणाली.

मी उकरून बघितलं. "वज्रेश्वरीला मांजरं फार, म्हणे."

"हो आक्का."

"आणि डोंगराकडं घारी. पांढरं जनावर घारीला लांबून दिसत असेल."

ती वळून न्हाणीघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. नळ बराच वेळ चालू होता, आणि बाहेर आली तेव्हा एक भांडंसुद्धा धुतलेलं नव्हतं. डोळे मात्र धुतले होते. मला असा राग आला तिचा! रडायला न्हाणीघर सापडतं, बोलायला सासू सापडत नाही.

शुक्रवारी लूम बंद असतात. घर शांत. सून स्वयंपाकघरात मामासाठी वड्यांचं पीठ मळत होती. मी म्हटलं, जाणाऱ्याला उपाशी पाठवू नये. खोलीत गेले, कडी काढली, कनवटीचा कागद सोडला. शेवंतीनं घास घेतला, मोगरीला देणार तेवढ्यात मनोज ओरडला, "आई, मामा आले!"

मी कागद पुन्हा कनवटीला खोचला आणि घाईनं बाहेर आले. कडी लावायची राहिली.

लडकूमामा दारात उभे. पांढरा सदरा, एका हातात नारळ-पेढ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात झाकणाची टोपली. ती टोपली कशासाठी, ते मला कळलं. पण पाहुणा तो पाहुणा. मी मोठ्यानं, तोंड भरून म्हटलं,

"या मामा, या! बसा!"

लडकूमामा खुर्चीवर बसले. आणि आतून मामाही आले.

दोघी धावत आल्या, फरशीवर नखं वाजवत, शेपट्या ताठ. खुर्चीसमोर थांबल्या. मागच्या पायांवर बसल्या आणि पुढचे हात जोडून लडकूमामांच्या तोंडाकडं बघायला लागल्या.

"आई वज्रेश्वरी!" लडकूमामा खुर्चीवर उभे राहिले. चांगला धिप्पाड माणूस, टोपली छातीशी धरून. आयुष्यभर त्यांनी दुकानातले नारळ खाणारे काळे मामा पिंजऱ्यात धरले, पण त्यांतला एकही असा हात जोडून समोर बसला नसणार. "आक्का, हे माझ्याकडं काय मागतायत?"

"काही न्हाय, काही न्हाय," मी म्हटलं. "जा, आत जा. जा रे."

पण मी त्यांना 'या' शिकवलं होतं. 'जा' कधी शिकवलंच नव्हतं. माझा आवाज ऐकून दोघी वळल्या आणि सरळ माझ्या साडीवरून वर चढल्या. शेवंती खांद्यावर जाऊन अंबाड्यामागं बसली, तिच्या नेहमीच्या जागी. मोगरीचा घास राहिला होता. ती कनवटीशी थांबली. कागद ओढला, आणि सगळ्यांच्या देखत त्यातून बोंबील काढून, दोन्ही हातांत धरून खायला लागली.

मनोज भिंतीला धरून हसत होता. हौसा कधी वर आली देव जाणे, ती म्हणाली, "आक्का, हे तर तुझेच मामा निघाले!"

स्वयंपाकघराच्या दारात रुचिका उभी होती. हाताला पीठ. तिनं माझ्या खांद्याकडं बघितलं, मग कनवटीकडं. दोन पावलं पुढं आली आणि वास घेतला.

"बोंबील?"

मी पदर कनवटीवर ओढला.

"आक्का, तुम्ही त्यांना बोंबील घालता?" आवाज ऐकून मीच दचकले. असा आवाज या घरात सासू गेल्यापासून कोणाचा नव्हता. "मी इथं मोजून मोजून मूग देतेय, वजन का वाढतंय म्हणून माझी झोप उडाली, आणि तुम्ही बोंबील घालताय? मिठाचं चालत नाही त्यांना!"

"बोंबलाला कोण मीठ लावतं?" मी म्हटलं. "उन्हात वाळवतात. मीठ बांगड्याला. एवढं शिकलीस न् हे माहीत न्हाय?"

"मग तेल? तेलात तळलाय ना तो?"

"भाजलाय. तव्यावर. एक बोट तेल."

"एक बोट! त्यांचं पोट केवढं आणि तुमचं बोट केवढं! ओढणीखाली लुगडं घातलंत, मला वाटलं, असू दे, आक्कांना आवडतात तर आवडू देत. मी ते धुऊन परत ठेवत होते. पण हे? आणि वर फोन करून मामाला बोलावलंत! खांद्यावर बसवता आणि डोंगरावर सोडायला निघालात? न्यायचं असेल तर मला विचारा. माझ्या आहेत त्या! मी नाही देणार!"

लुगड्याचं हिला ठाऊक होतं, हे माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. गप्प राहून सगळं बघत होती की ही! मोगरी बोंबील खातच होती.

"रुचे," लडकूमामा खुर्चीवरूनच म्हणाले, "सासूशी असं बोलतात का?"

"मामा, तुम्ही मध्ये पडू नका!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

माझं अंग कसं हलकं झालं काय सांगू. कोळंबीची पाटी समोर आणून ठेवावी असं वाटलं. पण हौसा बघत होती, मनोज बघत होता, आणि त्याला नको तेव्हा आठवतं.

"आई, पण तू शब्द दिलायस ना," तो डोळे पुसत म्हणाला. "या घरात उंदीर राहणार न्हाय."

"न्हायच राहणार," मी म्हटलं. "दाखव, कुठं हाय उंदीर? हौसा, तू दाखव. माझ्या घरात मामा हायेत. मामांना घराबाहेर काढायची आमच्यात रीत न्हाय. लडकूमामा, तुम्ही खाली उतरा, टोपली ठेवा आणि वडे खाऊन जा. तुम्हालापण बसाच म्हटलंय मी."

लडकूमामा उतरले. पाय जपून ठेवत, आधी खाली बघून.

मी मोगरीला तळव्यावर घेतलं आणि सुनेसमोर गेले. तिचे गाल लाल, छाती वरखाली होत होती, आणि आता आपण काय बोलून बसलो ते तिला कळायला लागलं होतं. 'बरं आक्का' ओठांपर्यंत आलं होतं, मला दिसलं. ते बाहेर पडायच्या आत मी मोगरी तिच्या पिठाच्या हातावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

"एवढं धारदार तोंड, आणि ते तू माहेरी विसरून आली होतीस होय? आज तुझ्या मामानं आणून दिलं, बरं झालं. आता ऐक, रुचिका. मामा इथंच राहतील. बोंबील मी देणार, तू त्यावरून मला रोज बोलणार, आणि मी ऐकणार न्हाय. घर असंच चालतं, गो बाय."